दशावतार, सहा दिवस आणि डार्विन: उत्क्रांतीचा पाठ शिकवताना श्रद्धेचे प्रश्न कसे हाताळावेत

राज्य मंडळाच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २’ या पाठ्यपुस्तकातला पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. त्यामुळे वर्ष सुरू होताच वर्गातून ठरलेले प्रश्न येऊ लागतात. माणूस माकडापासून झाला तर आताची माकडे माणूस का होत नाहीत. हे तर आपल्या दशावतारात आधीच सांगितलेले आहे ना. बायबलात देवाने सहा दिवसांत जग निर्माण केले असे आहे, मग खरे काय. आणि शेवटी, थोड्या दबक्या आवाजात, सर, तुम्ही देव मानता का. हे प्रश्न टाळून पाठ उरकता येतो आणि पुष्कळ ठिकाणी तो तसाच उरकला जातो, कारण परीक्षेतल्या गुणांवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. ज्यांना पाठ उरकायचा नाही अशा शिक्षकांसाठी, आणि घरी हेच प्रश्न ज्यांच्यापुढे येतात अशा पालकांसाठी हे लेखन आहे.

एक भूमिका आधीच स्पष्ट केलेली बरी. उत्क्रांती नाकारणारा विद्यार्थी शिक्षकाला अवघड वाटतो. पण त्याहून अवघड असतो तो ‘हे सगळे आपल्याकडे आधीच होते’ असे म्हणून आनंदाने मान डोलावणारा विद्यार्थी. पहिला निदान सिद्धांताशी भांडतो आणि भांडण्यासाठी त्याला तो ऐकून घ्यावा लागतो. दुसरा तो ऐकून न घेताच मान्य करून टाकतो. दोघांसमोर ठेवायचा प्रश्न मात्र एकच आहे: हे कसे कळले, आणि हे चूक असते तर आपल्याला काय वेगळे दिसले असते? संपूर्ण पाठ या प्रश्नावर तोलून धरता येतो, आणि तो प्रश्न श्रद्धेचा अपमान न करता विचारता येतो.

आधी प्रश्न कोणत्या जातीचा आहे ते ओळखावे

वर्गात येणारे प्रश्न वरवर सारखे दिसले तरी त्यांच्या मुळाशी वेगवेगळ्या गोष्टी असतात. ‘पृथ्वीचे वय किती’ हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे आणि त्याला पुराव्यानेच उत्तर द्यावे लागते. ‘हे सगळे कशासाठी आहे’ हा अर्थाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर जीवशास्त्राकडे नाही आणि तसे मोकळेपणाने सांगण्यात कमीपणाही नाही. नैसर्गिक निवडीची कल्पना डार्विनच्या बरोबरीने स्वतंत्रपणे मांडणारा आल्फ्रेड रसेल वॉलेस हाच पुढे माणसाच्या मनाचा उलगडा केवळ नैसर्गिक निवडीने होत नाही असे मानू लागला होता. तिसऱ्या जातीचे प्रश्न सर्वांत नाजूक असतात, कारण त्यांत विद्यार्थी प्रत्यक्षात ‘मी माझ्या घरच्यांचा राहतो की नाही’ एवढेच विचारीत असतो. अशा विद्यार्थ्यासमोर पुराव्यांची चळत रचली तर तो गप्प बसतो, आणि शिक्षकाला वाटते की त्याला पटले.

आणखी एक हद्द आखून द्यावी. पहिला सजीव कसा निर्माण झाला आणि विश्वाचा आरंभ कसा झाला, हे दोन्ही प्रश्न उत्क्रांती सिद्धांताच्या बाहेरचे आहेत. सजीव अस्तित्वात आल्यानंतर त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या बदल कसे होत गेले आणि एका जातीपासून अनेक जाती कशा झाल्या, एवढेच हा सिद्धांत सांगतो. वर्गातले निम्मे वाद ही हद्द पुसली गेल्यामुळे होतात.

निर्मितिकथा ऐकीव माहितीवरून सांगू नयेत

हिंदू परंपरेत सृष्टीच्या निर्मितीची एकच कथा नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पुरुषसूक्त आहे, त्यात आदिपुरुषाच्या यज्ञातून सृष्टी आणि चार वर्ण उत्पन्न होतात. त्याच मंडलात हिरण्यगर्भ सूक्त आहे, त्यात सुवर्णगर्भापासून आरंभ होतो. आणि तिथेच नासदीय सूक्तही आहे, जे सृष्टी कोठून आली हे वरच्या आकाशातला अध्यक्ष जाणत असेल, किंवा कदाचित तोही जाणत नसेल, असे म्हणून थांबते. तैत्तिरीय उपनिषदात आकाशापासून वायू, वायूपासून अग्नी, अग्नीपासून पाणी, पाण्यापासून पृथ्वी अशी साखळी येते; मराठी घरांत ती दासबोधामुळे परिचित आहे. पुराणांत विष्णूच्या नाभिकमळातून ब्रह्मदेव प्रकट होतो. जैन दर्शन तर सृष्टीचा कर्ताच मानत नाही. त्याच्या मते विश्व अनादि आहे. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकातही दोन वृत्तान्त आहेत: पहिल्या अध्यायात पशुपक्षी आधी आणि माणूस शेवटी निर्माण होतो, दुसऱ्या अध्यायात माणूस आधी येतो आणि प्राणी नंतर. कुराणातही सहा दिवसांचा उल्लेख आहे आणि माणूस मातीपासून घडवल्याचे सांगितले आहे.

एवढे माहीत असले की वर्गातली कुस्ती आपोआप मोडते, कारण ‘धर्म विरुद्ध विज्ञान’ असे दोन पैलवान समोरासमोर उभे करताच येत नाहीत. एका बाजूला एकमेकींशी न जुळणाऱ्या, वेगवेगळ्या काळांत आणि वेगवेगळ्या हेतूंनी रचलेल्या अनेक कथा आहेत. त्यांपैकी बहुतेकींना एका जातीपासून दुसरी जात कशी होते याविषयी काही म्हणायचेच नाही.

सुरुवात माकडापासून करू नये, बोंडअळीपासून करावी

माकड आणि माणूस हे उदाहरण पहिल्याच तासाला काढले की विद्यार्थी बचावाच्या पवित्र्यात जातात. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातल्या शिक्षकांजवळ याहून चांगले उदाहरण शिवारातच आहे.

भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे एक जनुक या कापसात घातलेले असते आणि त्यामुळे झाडच बोंडअळीला मारक असे प्रथिन तयार करते. २००६ मध्ये अशी दोन जनुके असलेले बियाणे आले. सुरुवातीची वर्षे चांगली गेली. पुढे गुजरातमध्ये गुलाबी बोंडअळी पहिल्या प्रथिनाला दाद देत नसल्याचे आढळले आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातल्या कापूस उत्पादकांनी दोन जनुकांच्या कापसातही बोंडे पोखरलेली पाहिली. डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुले, दिसू लागल्या, वरून निरोगी वाटणारे बोंड फोडले की आत सरकी खाल्लेली आणि कवडी झालेला कापूस निघू लागला.

आता वर्गाला विचारावे: अळी बदलली कशी? बहुतेकांचे उत्तर येते, ‘तिला औषधाची सवय झाली.’ सजीवाने आयुष्यात कमावलेले बदल पुढच्या पिढीत उतरतात, हा लामार्कचा सिद्धांत शिकवण्याआधीच वर्गात हजर असतो तो असा. प्रत्यक्षात कोणत्याही एका अळीला सवय झालेली नाही. कोट्यवधी अळ्यांमध्ये अगदी थोड्या अशा होत्या, ज्यांच्या जनुकांतल्या फरकामुळे ते प्रथिन त्यांच्या आतड्याला नीट चिकटत नव्हते. बीटी कापसाचे शेत पसरले तशा बाकीच्या मेल्या आणि या थोड्या वाचल्या, त्यांचीच प्रजा वाढली, आणि काही वर्षांत शिवारातल्या अळ्यांचे स्वरूप बदलले. कोणा एकीने प्रयत्न केला नाही, कोणी ठरवले नाही. फरक आधीपासून होता, निवड परिस्थितीने केली.

इथेच ‘हे खरे असेल तर काय दिसायला हवे’ हा प्रश्न कामाला लावता येतो. तर्क असा की शेजारी साध्या कापसाच्या ओळी असतील तर तिथे साध्या अळ्या जगतील, त्यांचा संकर प्रतिकारक्षम अळ्यांशी होईल आणि प्रतिकार पसरण्याचा वेग मंदावेल. हा विचार इतका पक्का होता की बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगरबीटी बियाण्याची वेगळी पुडी देण्यात येत असे. ती पुडी किती जणांनी खरोखर पेरली आणि किती जणांनी बांधावर फेकली, हे शेतकऱ्यांच्या घरातली मुले शिक्षकापेक्षा चांगले सांगू शकतील. त्यातच फरदड घेण्याची पद्धत आहे: हंगाम संपल्यावरही पाणी देऊन कापूस मार्चपर्यंत उभा ठेवला की अळीला वर्षभर अन्न मिळते आणि निवडीचे चक्र थांबतच नाही. कृषी विद्यापीठे फरदड घेऊ नका असे दरवर्षी सांगतात, ते उत्क्रांतीचेच उपयोजन आहे. नैसर्गिक निवडीची व्याख्या पाठ करण्यापेक्षा या पुडीवर एक तास खर्च केलेला अधिक कारणी लागतो.

हुशार विद्यार्थी इथे एक आक्षेप घेईल आणि तो घेतला गेलाच पाहिजे: अळी अखेर अळीच राहिली, तिचे पतंगाव्यतिरिक्त दुसरे काही झाले नाही. आक्षेप बरोबर आहे. बोंडअळी निवड कशी चालते हे दाखवते. मोठे बदल झाले हे दाखवायला दुसरा पुरावा लागतो, आणि सुदैवाने त्यातला एक उत्तम पुरावा भारतातलाच आहे. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट परिसरातून मिळालेला इंडोहायस हा सुमारे ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा, मांजराहून फार मोठा नसलेला, खुरांचा प्राणी. त्याच्या कानाच्या हाडाची जाड झालेली ठेवण एरवी फक्त देवमाशांत आढळते. कच्छमधून त्यानंतरच्या काळातले, पाय असलेले देवमासे मिळाले आहेत. दुसरीकडे डीएनएच्या तुलनेने, जीवाश्मांकडे न पाहता, देवमाशाचा आजचा सर्वांत जवळचा नातेवाईक पाणघोडा, म्हणजे खुरांचाच प्राणी असल्याचे दाखवले. दोन स्वतंत्र वाटांनी जाणारे लोक एकाच गावी पोहोचावेत, त्याला विज्ञानात वजन असते.

दशावताराचा प्रश्न: इथे घाई करू नये

मत्स्य, कूर्म, वराह, नृसिंह, वामन आणि मग परशुराम, राम, कृष्ण: आधी जलचर, मग उभयचर, मग भूचर, मग अर्धा पशू, मग खुजा माणूस, मग पूर्ण माणूस. ही जुळणी इतकी देखणी आहे की कित्येक शिक्षक ती स्वतःच फळ्यावर लिहितात. हेतू चांगला असतो, विद्यार्थ्यांना सिद्धांत परका वाटू नये एवढाच. तरीही हे करू नये, आणि का करू नये हे वर्गालाच शोधू द्यावे.

पहिली तपासणी क्रमाची. श्रीमद्भागवताच्या पहिल्या स्कंधाच्या तिसऱ्या अध्यायात अवतारांची जी यादी आहे तीत बावीस अवतार आहेत. सनकादिक कुमार पहिले, वराह दुसरा, आणि मत्स्य व कूर्म थेट दहाव्या आणि अकराव्या स्थानी. भागवत सप्ताह गावोगाव बसतो, त्यामुळे हे तपासायला लांब जावे लागत नाही. दहा अवतारांचा ठरलेला क्रम हा अनेक परंपरांपैकी एक आहे, आणि त्यातही नववे स्थान स्थिर नाही: महाराष्ट्रातल्या जुन्या पंचांगांत व चित्रांत तिथे कित्येकदा विठ्ठल दिसतो.

दुसरी तपासणी जीवशास्त्राची. पृथ्वीवर मासे येण्याआधी कोट्यवधी नव्हे, अब्जावधी वर्षे केवळ सूक्ष्मजीव होते, त्यांचा या यादीत मागमूस नाही. कासव उभयचर नाही, सरीसृप आहे. सिंह आणि माणूस यांच्यामधला कोणताही टप्पा उत्क्रांतीत नाही, कारण ते एकाच फांदीवर मागेपुढे नसून वेगळ्या फांद्यांवर आहेत. आणि मूळ मुद्दा असा की मत्स्याच्या पोटी कूर्म जन्मला असे कोणतेही पुराण म्हणत नाही. प्रत्येक अवतार स्वतंत्रपणे, धर्माची ग्लानी झाली म्हणून, एका विशिष्ट कार्यासाठी होतो. हेतूने होणारे अवतरण ही भक्ताच्या दृष्टीने त्या कथेतली मुख्य गोष्ट आहे आणि उत्क्रांतीत नेमकी तीच नाही. म्हणजे जुळणी करताना विज्ञानाची मोडतोड होते तशी पुराणाचीही होते. श्रद्धावान पालकांना हा मुद्दा आधी पटतो, असा अनुभव येतो.

तिसरी तपासणी इतिहासाची, आणि ती रंजक आहे. डार्विनचा ग्रंथ १८५९ चा. दशावताराचा असा अर्थ थिऑसॉफिकल सोसायटीच्या संस्थापक हेलेना ब्लाव्हाट्स्की यांनी १८७७ मध्ये छापला, १८८२ मध्ये ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी तो व्याख्यानात मांडला. आधीच्या हजारभर वर्षांत एवढे भाष्यकार आणि कीर्तनकार होऊन गेले, पण या क्रमात जातींचे परिवर्तन कोणी वाचले नव्हते. उलट १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’त मत्स्य, कच्छ, वराह, नृसिंह यांचा अर्थ आर्यांच्या स्वाऱ्या आणि त्यांचे म्होरके असा लावला होता. त्याच दशकात, त्याच कथांतून, एकाला सत्तेचा इतिहास दिसला आणि दुसरीला जीवशास्त्र. कथेत काय आहे यापेक्षा वाचणारा काय शोधतो आहे यावर अर्थ ठरतो, हे दाखवायला याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण.

यात एक गोष्ट महाराष्ट्रातल्या शिक्षकाने विशेष ध्यानात ठेवावी. वर्गात नवबौद्ध कुटुंबांतली मुले असतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत, बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही, अशा आशयाची प्रतिज्ञा आहे. ज्या यादीत बुद्ध नववा अवतार म्हणून येतो ती ‘आपल्या पूर्वजांची उत्क्रांती’ म्हणून फळ्यावर लिहिली, की ‘आपल्या’ या शब्दातून त्या मुलांना बाहेर काढले जाते. पुरुषसूक्ताचा ‘वैज्ञानिक अर्थ’ सांगण्याचा मोह झाला तर त्यात पायांपासून कोण उत्पन्न होतो हे ऐकणारी मुलेही समोर बसलेली असतात.

आकडे जुळतात असे कोणी म्हणाले तर

ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे कल्प, ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षांचे, हे साम्य विद्यार्थी हमखास सांगतात. इथे आकडा कसा मिळाला हे विचारावे. कल्पाचा आकडा ४३ लाख २० हजार वर्षांच्या महायुगाला हजाराने गुणून येतो. पृथ्वीचा आकडा उल्कापाषाणांतल्या शिशाच्या समस्थानिकांवरून क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये काढला आणि नंतर वेगवेगळ्या मूलद्रव्यांच्या किरणोत्सारावरून तो पुन्हा पुन्हा पडताळला गेला. शिवाय ४३२ कोटी ही कल्पाची पूर्ण लांबी आहे. पूजेच्या संकल्पात आपण ‘श्वेतवाराहकल्पे वैवस्वतमन्वंतरे’ म्हणतो, म्हणजे चौदांपैकी सातव्या मन्वंतरात आहोत. सूर्यसिद्धांताच्या हिशेबाने कल्प सुरू होऊन सुमारे १९७ कोटी वर्षे झाली आहेत. तुलना करायचीच तर या आकड्याशी करावी लागेल, आणि मग साम्य उरत नाही.

चौऱ्याऐंशी लक्ष योनींचेही तसेच. २०११ च्या एका अभ्यासात पृथ्वीवरील जातींचा अंदाज सुमारे ८७ लाख आला, तेव्हापासून ही तुलना जोरात आहे. प्रचलित श्लोकात या योनींची फोड दिलेली आहे: जलचर ९ लाख, स्थावर २० लाख, कृमी ११ लाख, पक्षी १० लाख, पशू ३० लाख, मानव ४ लाख. पक्ष्यांच्या ज्ञात जाती ११ हजारांच्या आसपास आहेत आणि माणसाची एकच. बेरीज जवळ आली म्हणून फोड बरोबर ठरत नाही, हे गणिताच्या तासालाही सांगता येईल. याच न्यायाने १६५० मध्ये आर्चबिशप जेम्स अशर यांनी बायबलातल्या वंशावळी जोडून सृष्टीचा आरंभ इ.स.पूर्व ४००४ मध्ये ठरवला होता, तोही वर्गात सांगावा. तपासणी एकाच धर्माच्या वाट्याला आली असे वाटू नये.

जाताजाता एक तांत्रिक सूचना. पाठात कार्बन वयमापन येते आणि विद्यार्थी डायनोसॉरचे वय कार्बनने मोजतात असे धरून चालतात. कार्बन १४ चा अर्धायुकाल ५७३० वर्षे असल्याने ही पद्धत सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे निरुपयोगी ठरते. जुन्या खडकांसाठी युरेनियम-शिसे, पोटॅशियम-अरगॉन अशा पद्धती वापरतात. हा घोळ आपण निस्तरला नाही तर कोणीतरी तो ‘विज्ञान खोटे बोलते’ याचा पुरावा म्हणून वापरतो.

‘कोणी पाहिले?’ आणि ‘माकडे अजून का आहेत?’

जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा असल्याचे आणि माकडाचा माणूस होताना कोणी पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी कुठे सांगितले नसल्याचे म्हटले. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून त्याचा प्रतिवाद केला. सिंह पूर्वी मुंबईचे पोलीस आयुक्त होते. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसताना बोटांचे ठसे, रक्ताचे डाग आणि फोनच्या नोंदी यांवरून गुन्हा सिद्ध होतो हे त्यांच्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार? परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी तुटता कामा नये, एवढीच न्यायालयाची अट असते, आणि विज्ञानाचीही.

ही साखळी गुणसूत्रांवरून दाखवावी, म्हणजे पाठाचे दोन्ही अर्धे जोडले जातात. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्यात गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात, माणसात २३. पूर्वज समान असेल तर एक जोडी कुठे गेली? नुसती नाहीशी झाली असती तर जीव जगलाच नसता. म्हणजे दोन गुणसूत्रे एकमेकांना जुळलेली असली पाहिजेत, आणि तसे असेल तर एरवी फक्त टोकांना सापडणारा डीएनएचा क्रम एखाद्या मानवी गुणसूत्राच्या मध्यभागी सापडला पाहिजे. तो सापडला नसता तर सिद्धांत अडचणीत आला असता. दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात तो सापडला.

माकडांच्या प्रश्नाला उत्तर थोडक्यात द्यावे: आजच्या माकडापासून किंवा चिंपांझीपासून माणूस झालेला नाही. सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी जगलेल्या एका समान पूर्वजाच्या वंशाच्या दोन शाखा झाल्या, एकीकडे आपण आहोत आणि दुसरीकडे चिंपांझी. चुलतभाऊ हयात आहे म्हणून आपण जन्मलोच नाही असे होत नाही.

आणखी एक गैरसमज मराठीत विशेष पक्का आहे, तो म्हणजे नैसर्गिक निवड म्हणजे ‘बळी तो कान पिळी’. बोंडअळीकडे परत जावे. वाचलेली अळी बलवान नव्हती. त्या शेतात, त्या प्रथिनासमोर, तिच्यातला एक फरक उपयोगी पडला. गडचिरोली आणि नंदुरबारच्या शिक्षकांना सिकलसेलचे उदाहरण हाताशी आहे. आई आणि वडील दोघांकडून ते जनुक आले तर गंभीर आजार होतो, पण एकाकडूनच आले तर मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते; म्हणूनच मलेरियाच्या प्रदेशांत ते टिकून राहिले. अर्थात वर्गात वाहक विद्यार्थी असू शकतात, तेव्हा कोणाकडे बोट न दाखवता हे सांगावे.

ख्रिस्ती आणि मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी

गोव्यात, वसईत आणि मुंबईत कॅथलिक विद्यार्थ्यांना वाटते की उत्क्रांती मानणे म्हणजे चर्च सोडणे. त्यांना सांगावे की पोप पायस बारावे यांनी १९५० मध्ये मानवी देहाच्या उत्क्रांतीविषयी संशोधन करण्यास हरकत नसल्याचे, मात्र आत्मा ईश्वर थेट निर्माण करतो असे मानावे, असे म्हटले; आणि १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही आता केवळ गृहीतक राहिलेली नाही हे मान्य केले. आनुवंशिकतेचा पाया घालणारा मेंडेल हा मठवासी होता, आणि नागपूरच्या परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चिकाटीने जीवाश्म गोळा करणारे स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी होते, ज्यांचे नाव तिथल्या महाविद्यालयाला आहे. अमेरिकेत १९२५ साली टेनेसी राज्यातल्या डेटन गावी शिक्षक जॉन स्कोप्स यांच्यावर चाललेल्या खटल्यापासून न्यायालयांत हा वाद लढला गेला. तिथला विरोध मुख्यतः बायबलचा शब्दशः अर्थ घेणाऱ्या गटांकडून आला, साऱ्या ख्रिस्ती धर्माकडून नव्हे. मुस्लिम विद्यार्थ्यांची अडचण बहुधा पृथ्वीच्या वयाविषयी नसून आदमविषयी असते. ती तशीच ऐकून घ्यावी आणि वनस्पती व इतर प्राण्यांपासून सुरुवात करावी, म्हणजे निदान बोलणे सुरू राहते.

पालक तक्रार घेऊन आले तर

राज्यघटनेत धर्मस्वातंत्र्याचे २५ वे कलम आहे, तसेच १९७६ च्या दुरुस्तीने आलेले ५१-क हे कलमही आहे, ज्यात वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणे हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. पालकांना या दोन्हींची एकत्र आठवण करून द्यावी: शाळा मुलाला देव मानू नकोस असे सांगणार नाही, आणि पाठ्यपुस्तकातला पाठ वगळणारही नाही. एनसीईआरटी या केंद्रीय पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढला, त्यावर १८०० हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी जाहीर पत्र लिहिले. तो विषय तिथे बारावीच्या जीवशास्त्रात राहिला आहे, म्हणजे जीवशास्त्र न घेणाऱ्याला तो भेटतच नाही. आपल्या मुलाला जो सिद्धांत नाकारायचा आहे तो निदान नीट समजलेला असावा, हे बहुतेक पालकांना पटते. स्वतःच्या श्रद्धेविषयी विचारले गेल्यास शिक्षकाने खोटे बोलू नये, पण उत्तर दिलेच पाहिजे असेही नाही. ‘माझ्या मानण्या-न मानण्याने गुणसूत्रांची संख्या बदलत नाही’ असे हसून सांगता येते.

उत्तरपत्रिका तपासताना

‘उत्क्रांतीचे पुरावे लिहा’ या प्रश्नाला एखादा विद्यार्थी जीवाश्म, अवशेषांगे आणि जोडणारे दुवे यांच्यासोबत दशावतारही लिहितो. त्या मुद्द्याला गुण देऊ नयेत, पण त्यावर लाल फुलीही मारू नये. समासात एवढेच लिहावे की हा पुरावा कसा तपासता येईल ते सांग. आणि ज्याने सर्व पुरावे बिनचूक लिहून शेवटी ‘तरीही मला हे पटत नाही’ असे लिहिले असेल, त्याचा एकही गुण कापू नये. प्रश्न पुराव्यांविषयी होता, आणि ते त्याने लिहिले आहेत.